आवारात झोपण्यास मनाई आहे

आमच्या सोसायटीत आवारात झोपायला मनाई आहे. तशी पाटीच आहे जिन्याजवळ, लाल अक्षरांत. पूर्वी एका रखवालदाराला भर दुपारी डुलकी लागली, तेव्हा त्याला हाकललं आणि पाटी लावली. रखवालदाराच्या पोटाचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. पाटीला मात्र दरवर्षी नवा रंग मिळतो. या पाटीखाली एक दिवस मला गुन्हेगारासारखं उभं करतील असं मला वाटलं नव्हतं. मी आवारात झोपलो नव्हतो. मी सायकल शिकत होतो.

सायकल आडवी होती, एवढंच.

हे सगळं दादामुळे झालं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर तो इतकी वर्षं पडून होता की पाहुणे त्याच्या पायांवर स्वेटर काढून ठेवायचे आणि त्याला ते कळायचंही नाही. त्याआधी तो चित्रं रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, नाटकांचे पडदे. पालिकेच्या कचेरीतल्या मोठ्या दालनाच्या छतावर आकाश रंगवायचं काम एका कंत्राटदाराने त्याला दिलं होतं. खाली रांगेत ताटकळणाऱ्या लोकांना वर बघून गार वाटावं, ही कोणा साहेबाची कल्पना. पंखे दुरुस्त करण्यापेक्षा आकाश रंगवणं सोपं. काम संपत आलं असताना परांचीची फळी सरकली आणि दादा आपल्याच आकाशातून खाली फरशीवर आला. कमरेखालचं सगळं गेलं.

कचेरी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, मी फक्त रंग पुरवत होतो. रंग आपणहून वर चढून छताला लागला असणार. मी त्या दालनात किती खेटे घातले, किती खिडक्यांपुढे हात जोडले, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. ठेवला असता तर कोणाचा तरी गळा धरला असता. एवढ्या खेट्यांत मी एकदाही वर बघितलं नाही. त्या कचेरीत मान वर करून कोणी जात नाही.

दादाला उठवून बसवलं की चक्कर यायची, डोळे पांढरे व्हायचे. त्यामुळे तो झोपूनच असे आणि झोपून जेवढी मजा करता येते तेवढी करे. आमच्या छताला ओल आली होती. तिचा डाग रोज थोडा बदलायचा. सकाळी माझी बायको चहा घेऊन गेली की दादा आजचा डाग काय आहे ते जाहीर करी. कधी उंट, कधी पाण्याची मोटार. एकदा म्हणाला, ‘आज मेहुणे आले आहेत.’ बघितलं तर खरंच, आमच्या मेहुण्यांचं पोट हुबेहूब. मी गळती बंद करायला माणूस बोलावला तेव्हा दादा माझ्याशी बोलेनासा झाला. माणूस परत पाठवला.

तर एक दिवस माझी बायको नळाची तक्रार घेऊन कचेरीत गेली. आल्यावर सहज सांगत होती: नळाचा साहेब रजेवर आहे, आणि दालनात लोखंडी पट्ट्या टांगतायत, पांढऱ्या चौकोनांचं खोटं छत बसवणार आहेत, कसं दवाखान्यासारखं स्वच्छ दिसेल.

दादाने चहाची बशी खाली ठेवली.

‘किती झालंय?’

‘एका टोकाकडून सुरुवात झालीय, भाऊजी. का?’

मग त्याने सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. त्या आकाशातले ढग साधे नव्हते. त्यात त्याने माणसं घातली होती. तेव्हाचा हेडक्लार्क तीन हनुवट्यांसह, तोंड उघडं टाकून घोरणारा इन्स्पेक्टर, आणि रंगात पाणी घालणारा कंत्राटदार, ज्याच्या तोंडातून पाऊस पडतोय. सगळे पांढऱ्यावर पांढरे, नीट बघितल्याशिवाय न दिसणारे. हेडक्लार्क आता मोठा साहेब झाला होता. रोज त्या दालनातून स्वतःच्या हनुवट्यांखालून जात होता.

‘तू मला एवढी वर्षं सांगितलं नाहीस?’ मी म्हणालो.

‘तू तिथे जाऊन भांडला असतास आणि त्यांनी चुना फासला असता. तुझं तोंड मला माहीत आहे.’ मग म्हणाला, ‘एक ढग अर्धाच राहिला.’

‘कोणाचा?’

‘बघशील. मला तिथे ने, सुपड्या. ते झाकायच्या आत एकदा ने.’

सुपड्या म्हणजे मी. माझे कान सुपाएवढे आहेत, आणि हे नाव मला दादाने मी शाळेत जायच्या आधीच ठेवलं. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे उशीची बाजू बदलण्यापलीकडे काही मागितलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला जिन्यात नेलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की छातीत काही राहिलेलं नाही, जिथे न्यायचं तिथे घेऊन जा, पण मी सांगितलं असं कुठे म्हणू नका. हिमतीचा माणूस. मग रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, गाडी दवाखान्यात जाते, छत बघायला जात नाही; छत अंगावर पडलं असेल तर पत्ता सांगा. मी तिला म्हणालो, माणूस छतावरून पडलाय. ती म्हणाली, कधी? मी खरं सांगितलं. तिने फोन ठेवला. हातगाडीचा विषय काढला तर दादा म्हणाला, ‘मी कोबी नाही.’

अशा वेळी मेहुणे आठवले. माणसाला कशाकशाची आठवण काढावी लागते! मेहुण्यांनी पोट कमी करण्यासाठी एक आडवी सायकल आणली होती. दोघांची. पुढे एक माणूस आरामखुर्चीत पडल्यासारखा पाय पुढे करून पडतो, मागे दुसरा, आणि दोघांच्या पायडलांना एकच साखळी. ताईने ती बघितली आणि सांगितलं की घरात तुमच्या शेजारी झोपते तेवढं पुष्कळ, भर रस्त्यात झोपणार नाही. तेव्हापासून सायकल गॅरेजात उभी होती, म्हणजे पडली होती. मेहुण्यांनी ती मला देताना जो दानशूर चेहरा केला तो दादाच्या डागात कधीच उतरला नसता.

आता या सायकलीविषयी थोडं सांगतो, कारण तिने माझ्या अब्रूचा जो पंचनामा केला तो समजायला हवा. हिचं हँडल समोर नसतं. सीटच्या खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंना असतं. त्यामुळे पकडायला हात खाली टाकावे लागतात, आणि बघणाऱ्याला वाटतं याचे हात गळून पडलेत. पाय तोंडासमोर. समोरचा रस्ता आपल्या दोन बुटांच्या मधल्या फटीतून बघायचा. माझ्यासारख्या, आयुष्यभर उभ्या सायकलीवर कामाला गेलेल्या माणसाला हे म्हणजे उताणं पडून जिना चढण्यासारखं.

पहिल्या सकाळी मी आवारात पडलो तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी तोंडावर पाणी मारलं. त्यांना वाटलं मला फेफरं आलं. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा त्या शेजारणीला विचारत होत्या की घरच्यांना कळवलंय का. तिसऱ्यांदा पडलो नाही, कचऱ्याच्या डब्यात शिरलो. पण ते मी मोजत नाही. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त मास्तर मला रोज गॅलरीतून शिकवू लागले. त्यांनी अशी सायकल कधी बघितलेली नव्हती, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. ‘वळताना वळण्याचा विचार करू नका,’ असं ते म्हणायचे. मी विचार केला नाही आणि थेट काकूंच्या कुंड्यांवर गेलो.

आणि कुत्री. उभ्या सायकलीवरून कुत्रा म्हणजे पायाशी भुंकणारा प्राणी. आडव्या सायकलीवर कुत्रा तोंडासमोर येतो. आमच्या आवारातल्या काळ्या कुत्र्याने माझ्याकडे सरळ नजरेने बघितलं, बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं, आणि माझं नाक चाटलं. त्या सगळ्या दिवसांत शेजाऱ्यांपैकी मला सहानुभूती दाखवणारा तो एकटाच.

मग सेक्रेटरी आला. हातात वही, काखेत छत्री, कपाळावर आठ्या. म्हणाला, आवारात झोपण्यास मनाई आहे, पाटी वाचलेली दिसत नाही. मी म्हणालो, मी झोपत नाही, सायकल चालवतोय. तो म्हणाला, मी स्वतः बघितलं, पाठ टेकलेली होती. मी म्हणालो, डोळे उघडे होते. तो म्हणाला, नियमात डोळ्यांचा उल्लेख नाही. समितीची बैठक झाली. तीत अर्धा वेळ हे वाहन आहे की फर्निचर यावर गेला. वाहन असेल तर पार्किंगचा हक्क द्यावा लागतो, फर्निचर असेल तर जिन्यात ठेवायला बंदी. शेवटी ठरलं की ते काहीच नाही, आणि जे काहीच नाही ते आवारात ठेवता येत नाही. ज्या माणसांनी दादाला इतक्या वर्षांत एकदाही येऊन बघितलं नाही, ती माणसं त्याच्या सायकलीवर तीन तास बोलली. मी उठून म्हणालो की तुमची सगळ्यांची पाठ रोज कुठे ना कुठे टेकलेलीच असते, फक्त पुढे चाक नसतं. त्यानंतर काकूंनी माझ्या बायकोला साखर द्यायचं बंद केलं.

संध्याकाळी घरी येऊन मी दादासमोर कपाळ धरून बसलो. कोपरं सोलवटलेली, मान अशी आखडलेली की बायकोने हाक मारली तर मला अख्खं फिरावं लागे.

‘मान का दुखते?’ दादाने विचारलं.

‘समोर बघायला उचलून धरावी लागते.’

दादा हसला. छातीतून घरघर येईपर्यंत हसला. ‘अरे गाढवा, मान टाक. मान उचलतो तो घाबरलेला माणूस. मी परांचीवर आडवा पडून चित्रं काढायचो, मान टाकून. आता इथेही तेच करतोय. टाकली की वरचं सगळं आपोआप दिसतं. पुढचं थोडं कमी दिसतं, पण पुढे असतं काय?’

‘ट्रक असतात.’

‘ते तुला उभा असलास तरी मारतील.’

दुसऱ्या दिवसापासून मी बंद पडलेल्या गोदामामागच्या गल्लीत शिकू लागलो. मान टाकली की सायकल सरळ जायची, पण एखादी गाडी आली की मान आपोआप वर आणि मी आपोआप खाली. तरी काहीतरी घडायला लागलं, जे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला वेड लागलंय असं म्हणाले असते, आणि त्यांना तेवढाच आनंद झाला असता. मला गॅलऱ्यांच्या खालच्या बाजू दिसायला लागल्या. खालून गॅलऱ्या कोणी रंगवत नाही, तिथे जुने रंग थराथरांनी शिल्लक असतात, हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली कोणाच्या तरी लग्नातला पिवळा. पानांची खालची बाजू फिकट असते हे मला या वयात कळलं. वाळत घातलेल्या सदऱ्याच्या पोटातून ऊन कसं येतं ते कळलं. दोन तारांच्या मधून जाणारं आकाश कसं फाटलेल्या कागदासारखं सरकतं ते कळलं. घरी येऊन दादाला सांगायचो तर तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच विचारायचा, ‘पिवळा कसला? हळदीचा की आंब्याचा?’ मला सांगता यायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच गॅलरीखाली जायचो.

इकडे कचेरीत पांढरे चौकोन पुढे सरकत होते. बायको नळाच्या निमित्ताने रोज जाऊन बघून यायची. नळाचा साहेब रजेवरून परतला तरी तिने त्याच्याकडे तक्रार केली नाही. हनुवट्यांवाला ढग अजून उघडा आहे, घोरणारा झाकला गेला, असे निरोप ती आणायची. तिला ते चेहरे दिसायला लागले होते, आणि खुर्चीत बसलेल्यांपेक्षा वरचेच बरे वाटतात असं ती म्हणाली.

वेल्डरकडून सायकलीच्या दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं बसवून घेतली, लहान पोरांच्या सायकलीला असतात तशी. मागची सीट कापून जवळजवळ सपाट केली. वेल्डरने विचारलं, कोणासाठी? सांगितलं. त्याने काम करून दिलं आणि मेहुण्यांना नावं ठेवली. बरं वाटलं.

ज्या सकाळी निघालो त्या सकाळी दादाने दाढी करून घेतली. मी आणि बायकोने त्याला चादरीत उचलून खाली आणलं आणि मागच्या सीटवर टाकलं. छातीला पट्टा. पाय लोंबकळत राहतील म्हणून पायडलांना बांधले. सेक्रेटरी जिन्यात उभा होता. दादा त्याला म्हणाला, ‘मी झोपलोय हं. लिहून घ्या.’

मी पायडल मारलं. एकच साखळी, त्यामुळे मागे दादाचे पायही फिरले. मागून आवाज आला नाही, म्हणून मी घाबरून थांबलो.

‘थांबू नको,’ तो म्हणाला. ‘गुडघे वर येतायत. माझे.’

रस्त्यात लोक बाजूला झाले. एका माणसाने टोपी काढली. सिग्नलला एका पोलिसाने अडवलं आणि विचारलं मागचे जिवंत आहेत का. दादा म्हणाला, ‘सध्या.’ पोलिसाने जाऊ दिलं. या देशात सरकारी माणसाने मला ताबडतोब जाऊ दिल्याचा हा एकमेव प्रसंग. मी मान उचलूनच चालवत होतो, सगळी वाट, आणि मागून दादा सांगत होता: त्या गॅलरीचा पिवळा हळदीचा आहे रे, गधड्या, आंधळ्यालाही कळेल.

कचेरीला उतार होता, चाकाच्या खुर्च्यांसाठी केलेला, आणि त्यावर साहेबांच्या स्कूटर लावलेल्या होत्या. त्या मी ढकलल्या. एक पडली. दारातला शिपाई म्हणाला, वाहन आत नेता येत नाही. मी म्हणालो, आमच्या समितीने ठरवलंय की हे वाहन नाही. तो विचारात पडला तेवढ्यात आम्ही आत होतो.

आत सगळं पांढरं होतं.

चौकोन, चौकोन, चौकोन. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कालपर्यंत उघडा असलेला हनुवट्यांचा ढग गेला होता. तोंडातून पाऊस पडणारा गेला होता. रांगेतले लोक आमच्याकडे वळून बघत होते. मी तोंड उघडलं, कारण मला शिव्या द्यायच्या होत्या, एकेका खिडकीला वेगळी, आणि त्या मी वर्षानुवर्षं तयार ठेवल्या होत्या.

‘सुपड्या,’ दादा म्हणाला. ‘कोपरा.’

दूरच्या कोपऱ्यात एक सुतार शिडीवर उभा होता, शेवटचे चौकोन हातात घेऊन. तिथे अजून निळं दिसत होतं. मी पायडल मारत त्या दालनातून गेलो, फरशीवरून, खुर्च्यांच्या मधून, आणि शिडीपाशी थांबलो. समोर आता शिडीचे पाय होते आणि भिंत. बघण्यासारखं काही नव्हतं. मी मान टाकली.

वर निळं होतं, मळलेलं, जळमटांचं. त्यात एक ढग. गोल डोकं, वर उभे राहिलेले चार केस, आणि दोन कान. सुपाएवढे. कानांच्या पाळ्या, आतले वळसे, सगळं इतकं मन लावून काढलेलं की मी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. दोन कानांच्या मधे चेहरा नव्हता. तिथे नुसतं निळं होतं, आणि एका कानाखालून ब्रशचा एक फटकारा सुरू होऊन भलतीकडे, खालच्या दिशेला ओढत गेलेला होता.

कितीतरी वेळ आम्ही दोघं पडून होतो.

‘मी त्या साहेबांत कशाला?’ मी विचारलं.

‘जागा उरली होती.’ मग घरघर. मग म्हणाला, ‘कान आधी काढले. ते सोपे. तोंड कसं काढावं कळत नव्हतं, तू सारखा ओरडत असतोस.’

शिडीवरच्या सुताराने खाली बघितलं. त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने विचारलं, ‘काका, लावू का? का थांबू?’

मी म्हणालो थांब. दादा म्हणाला, ‘लाव. बघून झालं.’

त्याने लावला. आधी एक कान गेला, मग दुसरा. मोठा साहेब तोपर्यंत खाली आला होता, हनुवट्यांसकट, वयाने त्यात आणखी एक वाढलेली, आणि विचारत होता की हा काय प्रकार आहे, इथे असं पडता येत नाही. दादाने त्याच्याकडे खालून बघितलं, कामाच्या नजरेने, डावीकडून, उजवीकडून. ‘चौथी घ्यायला हवी होती,’ असं मला म्हणाला, आणि चल म्हणाला.

जाताना मी मान उचलली नाही. मागे दादाचे पाय फिरत होते. त्याने घरापर्यंत एकदाही वाट सांगितली नाही.

दादा त्यानंतर फार दिवस राहिला नाही. गेला त्या सकाळी बायकोने चहा नेला आणि डाग काय आहे ते कोणी सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मान वर करून खूप वेळ बघितलं. आम्हाला ओल दिसली. सेक्रेटरी भेटायला आला, पाच मिनिटं जमिनीकडे बघत बसला, आणि उठताना म्हणाला की आता त्या सायकलीची गरज नसेल. मी त्याला जिन्यापर्यंत पोहोचवलं आणि त्या लाल अक्षरांच्या पाटीखाली उभं करून जे बोललो ते इथे छापता येणार नाही. सायकल अजून आवारात आहे. मी एकटा जातो तरी मागची पायडलं फिरत असतात.

कचेरीत अजून जावं लागतं. नळ अजून दुरुस्त झालेला नाही. रांगेत उभा राहून मी वर बघतो, आणि मग आजूबाजूचे दोघं-चौघंही वर बघतात आणि त्यांना पांढऱ्या चौकोनांशिवाय काही दिसत नाही. त्या चौकोनांच्या वर, काळोखात, माझे दोन कान आहेत. तोंड नाही. खिडक्यांमागे दिवसभर जे बोललं जातं ते सगळं त्यांना ऐकू जातं. तोंडाचं काम मी खाली करतो.